तीनशे चार आगपेट्या

उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीत बुद्धिबळाच्या स्पर्धा भरल्या की फेरी संपल्यावरचा व्हरांडा हॉलपेक्षा जास्त बघण्यासारखा असतो. आत पंख्यांची घरघर आणि घड्याळांची बटणं दाबल्याचे आवाज. बाहेर भडंगाचे कागद, कोमट झालेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि नुकताच खेळलेला डाव पुन्हा मांडून बसलेल्या जोड्या. अशाच एका पटापाशी एक निवृत्त गृहस्थ आणि आठवीतला एक मुलगा बसले होते. गृहस्थ म्हणाले, "इथं बरोबरी होती बाळा." मुलानं मोबाईलवरचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, बघितलं. "नाही आजोबा, प्लस दोन पॉइंट तीन. पांढरा जिंकतोय." "बरं. का?" मुलानं स्क्रीनवरचा हिरवा बाण दाखवला. "उंट इथं." "ते दिसलं रे. पण का?" मुलगा जरा घुटमळला. "काय की. इंजिन म्हणतंय." गृहस्थ चिडले वगैरे नाहीत. त्यांनी उंट खरंच तिथं ठेवला आणि दोघं पुढच्या खेळ्या शोधायला लागले.

हे "काय की" सहज सोडून देता येत नाही. बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांच्या या गावात भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, आणि स्वाती घाटे पटासमोर बसून घडल्या. आता त्याच गावातल्या शाळकरी मुलाच्या खिशात जगज्जेत्याला हरवणारा खेळाडू असतो, फुकट, आणि तोही कधी थकत नाही. त्याला हुशार म्हणायचं की नाही, हा वाद चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत रंगतो आणि मग "शेवटी ते मशीनच" किंवा "मग आपण तरी काय वेगळं करतो" यांपैकी एका वाक्यावर मिटतो. दोन्ही वाक्यं घाईची आहेत. आधी तो दोन पॉइंट तीन कुठून येतो ते बघायला हवं.

डावाच्या मध्यावर एका बाजूला सरासरी ३५ कायदेशीर खेळ्या असतात असं धरतात. आपली, त्याची, पुन्हा आपली, पुन्हा त्याची, अशा नुसत्या चार खेळ्या पुढे बघायच्या तर शेवटी १५,००,६२५ स्थिती तपासाव्या लागतात. पण समजा, एक बरी खेळी आधीच हाती आहे, आणि घोडा पुढे केला की प्रतिस्पर्धी वजीर फुकट मारतो हे एका उत्तरात दिसलं. मग त्या घोड्याच्या खेळीला प्रतिस्पर्ध्याकडे आणखी कोणती ३४ उत्तरं आहेत हे बघायची गरजच उरत नाही. ती फांदी तिथंच छाटायची. ही छाटणी प्रत्येक वेळी अचूक जमली, म्हणजे प्रत्येक ठिकाणी सर्वांत चांगली खेळी पहिल्यांदाच तपासली गेली, तर १५ लाखांचं काम २,४४९ स्थितींवर येतं. खरी मेख इथं आहे. चांगली खेळी आधी तपासायची तर ती चांगली आहे हे आधी कळायला हवं. म्हणून इंजिन अंदाज बांधतं: आधी मारामाऱ्या, त्यातही प्याद्यानं वजीर मारणं सगळ्यांत वर, मग शेजारच्या फांदीवर जी खेळी जालीम ठरली ती. क्रम चुकला तर उत्तर चुकत नाही, फक्त वेळ जातो, आणि घड्याळ चालू असताना वेळ जाणं म्हणजे कमी खोल बघणं.

मग प्रश्न येतो थांबायचं कुठं. नवव्या खेळीला थांबलं आणि नवव्या खेळीत आपल्या वजिरानं प्यादं मारलेलं असलं, तर इंजिन खूश होतं. दहाव्या खेळीला तोच वजीर मरणार आहे हे त्याच्या क्षितिजापलीकडे. जुने प्रोग्रॅम याहून मजेदार वागत. हत्ती मरणार हे दिसलं की ते मध्येच निरर्थक शह देत, एखादं प्यादं फेकत, म्हणजे हत्तीचं मरण दोन खेळ्या पुढं ढकललं जाऊन नजरेआड होई. यावर उपाय म्हणून मारामारी चालू असेल तोवर थांबायचंच नाही, स्थिती निवळली की मग आकडा द्यायचा, असा नियम घातला गेला. आकडा देणारा भाग पूर्वी माणसांनी लिहिलेला असे: प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९, शिवाय राजाची सुरक्षितता, मोकळे स्तंभ आणि अशा शेकडो बारीकसारीक गोष्टी. स्टॉकफिश या इंजिनात २०२० पासून हे काम लाखो स्थितींवर घडवलेलं एक छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून आपले आकडे स्वतःच जुळवत जाणारं गणित, करू लागलं. त्यातल्या आकड्यांना नावं नाहीत. मुलानं "काय की" म्हटलं ते त्या अर्थानं अगदी खरं उत्तर होतं. इंजिनाला विचारता आलं असतं तर त्यानंही तेच दिलं असतं.

जाता जाता, पालकांसाठी. तो दोन पॉइंट तीन म्हणजे सव्वादोन प्यादी नव्हेत. स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून प्लस १ चा अर्थ असा बांधलेला आहे की तेवढ्याच ताकदीच्या इंजिनाविरुद्ध जिंकण्याची शक्यता निम्मी. आठवीतल्या मुलासाठी त्याचा अर्थ फारसा काहीच नाही. इंजिन लावायचंच तर एकाऐवजी तीन ओळी, म्हणजे तीन वेगळे पर्याय, दाखवायला सांगा. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत ०.१ चा फरक असेल तर दोन्ही खेळ्या चालतात, पुढे चला. फरक दोनाचा असेल तर तिथं एकच खेळी होती. तिथं मोबाईल उलटा ठेवा आणि पटावर शोधा. इंजिन आणखी आणखी पुढच्या खेळ्या बघत जाईल तसा आकडा वरखाली होत राहिला तर इंजिनाचंही अजून ठरलेलं नाही. आणि धमकी काय आहे तेच कळत नसेल तर आपली खेळी सोडून देऊन प्रतिस्पर्ध्याला सलग दोन खेळ्या दिल्या तर तो काय करेल ते बघायचं. हे सगळं स्वतःच्या शब्दांत वहीत टिपा लिहून झाल्यावर. आधी इंजिन लावलं की वही कोरीच राहते.

पण हे सगळं काचेमागं चालतं, आणि काचेमागं चाललेल्या गोष्टीत आपण मन घुसडतो. म्हणून यंत्र शिकतं म्हणजे काय करतं ते बघायला सर्वांत चांगलं साधन संगणकाशिवायचं आहे. डोनाल्ड मिची हे ब्रिटिश शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या सांकेतिक संदेश फोडणाऱ्या केंद्रात गणितज्ञ ॲलन ट्युरिंगसोबत होते. पुढे एडिनबरोत असताना, १९६१ साली, हाताशी संगणक नसल्यानं त्यांनी आगपेट्यांचं यंत्र केलं. ते फुली-गोळा खेळतं. सुट्टीत घरात पोरं असतील तर हे करून बघण्यासारखं आहे. लागतात ३०४ रिकाम्या आगपेट्या, नऊ रंगांचे मणी आणि भरपूर डिंक.

३०४ का, तर यंत्र नेहमी पहिल्यांदा खेळतं आणि त्याच्या प्रत्येक पाळीला पट ज्या ज्या अवस्थेत असू शकतो त्या प्रत्येकीसाठी एक पेटी. फिरवून किंवा आरशात धरून एकसारखे दिसणारे पट एकच मोजायचे. कोऱ्या पटाची पेटी १. दुसऱ्या पाळीच्या १२: यंत्रानं कोपरा घेतला असेल तर समोरच्याची ५ वेगळी उत्तरं, कड घेतली असेल तर ५, मधलं घर घेतलं असेल तर २. तिसऱ्या पाळीच्या १०८, चौथ्या पाळीच्या १८३. पाचव्या पाळीला एकच घर उरतं, तिथं पेटी कशाला. प्रत्येक पेटीवर पट काढायचा, रिकामी घरं रंगवायची, आणि आत त्या रंगांचे मणी टाकायचे: पहिल्या पेटीत प्रत्येकी ४, दुसऱ्या पाळीच्या पेट्यांत ३, मग २, शेवटी १. कोऱ्या पटावर कोपरा, कड आणि मध्य अशा तीनच वेगळ्या खेळ्या, म्हणून पहिल्या पेटीत १२ मणी. पेटीच्या आत पुढच्या बाजूला पुठ्ठ्याची इंग्रजी व्हीच्या आकाराची पट्टी चिकटवायची. पेटी हलवून कलती केली की एक मणी त्या खाचेत येऊन थांबतो. त्याचा रंग म्हणजे यंत्राची खेळी. पेटी उघडी तशीच ठेवायची, डाव संपेपर्यंत.

मग बक्षीस आणि शिक्षा. यंत्र जिंकलं तर वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्याच रंगाचे आणखी ३ मणी. बरोबरी झाली तर १. हरलं तर खाचेतला मणी जप्त. बस. मिचींनी २२० डाव खेळून बघितले आणि यंत्र भक्कम झालं.

शेवटच्या पेट्यांत कमी मणी का, हा या रचनेतला सर्वांत हुशार भाग, आणि तो मिचींचा आहे, पेट्यांचा नाही. डाव हरला तर दोष बहुधा शेवटच्या खेळीचा. तिथं मणीच एक असला की एका पराभवात ती वाईट खेळी कायमची जाते. पहिल्या खेळीचा दोष असेलच असं नाही, म्हणून तिथं चार मणी, शिक्षा सावकाश लागते. बिघडतं कुठं, तेही सांगायला हवं. मणी एका मापाचे नसले तर लहान मणी खाचेत आधी घरंगळतो आणि यंत्राला एका रंगाची उगाच आवड लागते. पट फिरवून बघायचं विसरलं की "पेटीच नाही" म्हणून आरडाओरडा होतो. ती असते, आडवी असते. समोर मोठा माणूस बसून सलग १२ डाव जिंकला तर पहिली पेटी रिकामी होते आणि यंत्र कायमचं राजीनामा देतं. अशा माणसाला बसवायचं असेल तर सुरुवातीलाच जास्त मणी भरा. आणि समोर पाच वर्षांचं पोर कुठंही फुली मारत असेल तर यंत्र त्या पोराला हरवायला शिकतं, खेळायला नाही. नंतर जाणता माणूस बसला की त्याची फजिती होते.

आता एक पेटी हातात घेऊन विचारा, खेळ कुठं आहे? पेटीला तीन ओळीत आणायचे आहेत हे माहीत नाही. समोर कोणी आहे हेही माहीत नाही. जिंकणं म्हणजे काय ते मणी वाटणाऱ्या माणसाला माहीत. बक्षिसाचा नियम उलटा करा, हरल्यावर ३ मणी द्या आणि जिंकल्यावर जप्त करा, तर त्याच पेट्या तितक्याच इमानानं हरायला शिकतील.

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमनं नियमांखेरीज काहीही न सांगता, स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळून, काही तासांत स्टॉकफिशला मागं टाकलं. १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत, एकही हार नाही. सेकंदाला ते ८०,००० स्थिती बघत होतं, स्टॉकफिश ७ कोटी. म्हणजे छाटणी जवळजवळ माणसासारखी, फार थोडं आणि नेमकं बघणारी. त्याचे डाव सुंदर होते, हे मान्य न करणं कोतेपणाचं होईल. तरी आतलं तत्त्व पेट्यांचंच: निकाल आला, की निकालाकडे नेणाऱ्या खेळ्यांचं वजन वाढवायचं. मणी जाऊन आकडे आले, आणि न पाहिलेल्या स्थितीलाही जवळच्या स्थितीवरून अंदाज लावण्याची सोय आली. ही सोय लहान नव्हे. आगपेटीला शेजारच्या पेटीतलं काही कळत नाही.

काचेमागं मन घुसडण्याची गोष्ट वर आलीच आहे. १७७० साली व्हिएन्नात केंपेलेननं बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क दाखवला, तेव्हा आत माणूस लपलेला होता आणि लोक यंत्राला दाद देत होते. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला उलट झालं. आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकात बुद्धिबळासाठी बनवलेल्या ४८० खास चिप होत्या, सेकंदाला २० कोटी स्थिती तपासण्याची ताकद होती. पहिला डाव जगज्जेता कास्पारोव्ह जिंकला, पण त्यात ४४ व्या खेळीला यंत्रानं हत्तीची एक चमत्कारिक खेळी केली. काय खोल बघितलं असेल त्यानं, यावर डोकी शिणली. ती प्रोग्रॅममधल्या एका बगमुळे, म्हणजे चुकीमुळे, पडली होती, असं डीप ब्लूच्या संघातल्या मरे कॅम्बेल यांनी पुढे सांगितलं. सामना ३.५–२.५ नं यंत्रानं जिंकला. बगमध्ये प्रतिभा बघणारा माणूस म्हणजे जगातला सर्वोत्तम खेळाडू. आपली काय कथा.

मग शेवटी ते मशीनच? इथं पाऊल जपून टाकायला हवं, कारण "का ते सांगता येत नाही" हा आरोप माणसावरही तितकाच लागू होतो. डच मानसशास्त्रज्ञ द ग्रोट यांनी मोठमोठ्या खेळाडूंना मोठ्यानं विचार करायला लावून बघितलं होतं. उस्ताद काही फार जास्त खेळ्या पुढं बघत नव्हते. त्यांना चांगली खेळी आधी सुचत होती, एवढंच. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोन संशोधकांनी दाखवलं की खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर उस्ताद ती जवळजवळ पूर्ण मांडतो, आणि मोहरी कशीही विखुरलेली असली तर त्याची स्मृती नवशिक्यावर येते. म्हणजे त्याच्याही डोक्यात नमुन्यांच्या पेट्याच आहेत, आणि त्यांना नावं नाहीत. मार्केट यार्डात हळदीचा जुना खरेदीदार हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, मोडल्याचा आवाज ऐकतो आणि भाव बोलतो. का म्हणून विचारलं तर त्याचंही उत्तर "काय की"च्या आसपासच असतं. पण ढिगातलं एखादं हळकुंड हाताला वेगळं लागलं की तो भाव बोलायचा थांबतो आणि विचारतो, हा माल भिजला होता का? त्याला कुणी ते विचारलेलं नव्हतं.

हे न विचारलेलं विचारणं यंत्रांत दिसतं का, हे शोधायचं असेल तर ती हरतात तिथं बघावं.

बुद्धिबळात प्याद्यांची भिंत दोन्हीकडून घट्ट बंद झालेली असते. पांढऱ्याकडे एक हत्ती जास्त असतो पण आत शिरायला दारच नाही. चांगला क्लब खेळाडू बघून सांगतो, बरोबरी. इंजिन पुष्कळदा प्लस ३ दाखवत हत्ती इकडून तिकडे फिरवत राहतं. ५० खेळ्यांचा नियम (तेवढ्या खेळ्यांत काही मारलं गेलं नाही की प्यादं हललं नाही, तर बरोबरी) जवळ येऊन क्षितिजात शिरेपर्यंत त्याचा आकडा हलत नाही. हे तरी वरवरचं. गो या, खडे मांडून प्रतिस्पर्ध्याचे खडे वेढायच्या खेळात झालं ते जास्त बोलकं आहे. २०१६ मध्ये सोलला डीपमाइंडच्याच अल्फागो या प्रोग्रॅमनं दिग्गज खेळाडू ली सेडोलला ४–१ हरवलं होतं. त्याच पद्धतीवर उभा असलेला कॅटागो हा प्रोग्रॅम माणसांच्या कितीतरी पुढं होता. २०२३ मध्ये केलिन पेलरीन या हौशी खेळाडूनं त्याला १५ पैकी १४ डावांत हरवलं, खेळताना संगणकाची कसलीही मदत न घेता. युक्ती मात्र आधी दुसऱ्या एका प्रोग्रॅमनं शोधून दिली होती. आपला एक लहान गट आत जिवंत ठेवायचा, यंत्राला त्याभोवती खड्यांचं कडं करू द्यायचं, आणि मग इतर कोपऱ्यांत त्याला गुंतवत त्या कड्याभोवती सावकाश आपलं मोठं कडं घालायचं. कडं जवळजवळ पूर्ण झालं तरी यंत्राला धोका जाणवत नाही. आपण वेढले जातोय, हे शिकाऊ माणसालाही दिसेल. यंत्रानं स्वतःशी खेळताना असे गोल गट फारसे पाहिलेच नव्हते. नंतर त्याला असे डाव घालून शिकवलं गेलं आणि ते बरंच सावरलं. शिकवणारा पुन्हा बाहेरचाच.

नियम बदलले की हेच जास्त स्पष्ट होतं. आपल्याकडच्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालतं, पलीकडे पोचलं की त्या घरातल्या मूळ मोहऱ्याचं रूप घेतं, आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. गावोगाव थोडा फरक. आजोबांनी एवढं सांगितलं की नातू दोन मिनिटांत खेळायला बसतो. पहिला डाव हरतो, पण खेळतो, आणि दुसऱ्या डावात प्यादी हळू चालतात म्हणून मोहरी आधी काढतो. २०२० मध्ये डीपमाइंडनं माजी जगज्जेता क्रामनिकसोबत बुद्धिबळाचे बदललेले नऊ प्रकार तपासले, त्यात किल्लेकोट नसलेलाही होता. प्रत्येक प्रकारासाठी अल्फाझीरोला पहिल्यापासून वेगळं शिकवावं लागलं. गप्पा मारणाऱ्या नव्या प्रोग्रॅमचं याच्या उलट आहे: ते "का"चं उत्तर झकास देतात आणि मध्यडावात कधीकधी स्वतःच्याच प्याद्यावरून हत्ती उडवतात.

म्हणून खेळणाऱ्या यंत्राला हुशार म्हणायला हरकत नाही, पण शहाणं म्हणायला अजून अवकाश आहे, असं माझं मत. ताकद उत्तरात आहे. प्रश्न बदललाय हे ओळखणं आणि जुन्या प्रश्नातलं कारण उचलून नव्या प्रश्नात नेणं, हे काम अजून बरंचसं मणी वाटणाऱ्याकडे राहिलंय.

आगपेट्या तयार असतील तर हे घरीच बघता येतं. शिकून तयार झालेल्या यंत्राला उलटा फुली-गोळा खेळायला लावा: ज्याचे तीन ओळीत येतील तो हरला. यंत्र धडाधड हरेल, कारण पेट्या ओळी करायला सोकावलेल्या आहेत. मणी काढून, पहिल्यापासून भरून, नव्या नियमानं शिकवलं तर ते हळूहळू सावरेल. पहिल्या पेटीत मधल्या घराचे मणी वाढतील, पुढच्या पेट्यांतही योग्य ते रंग उरतील. त्याच वेळी शेजारी दोन पोरांना कागद-पेन्सिल द्या. थोड्या डावांनंतर त्यांतलं एखादं ओरडेल, मधलं घर घ्यायचं आणि तो खेळेल त्याच्या बरोबर समोरच्या घरात खेळत राहायचं, आपण हरतच नाही! ते बरोबर आहे. मधून जाणाऱ्या कुठल्याही ओळीत समोरासमोरची दोन घरं दोघांत वाटलेली असतात, त्यामुळे ती ओळ कुणाचीच पुरी होत नाही. आणि बाकीची कुठलीही ओळ आपली पुरी व्हायच्या आत त्याची समोरची पुरी झालेली असते. पेट्यांतही हे वाक्य आहे, पण रंगीत मण्यांच्या रूपात कितीतरी पेट्यांत विखुरलेलं. मग पाच बाय पाचचा पट आखा आणि सलग पाच आणणारा हरला असं ठरवा. पोराचं वाक्य तसंच्या तसं चालतं. पेट्यांसाठी मात्र नव्यानं आगपेट्या जमवाव्या लागतील, आणि त्या ३०४ मध्ये भागणार नाहीत.